अकरावी-बारावीचं गणित : मार्क कुठून येतात, कुठे जातात (नाशिकच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

जून-जुलैत कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर दहावी पास झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील फाईल घेऊन फिरताना दिसतात. क्लास कुठला लावायचा, फी किती, बॅच किती वाजताची, सगळी चौकशी होते. पण बारावीचा गणिताचा पेपर किती मार्कांचा असतो, त्यात प्रॅक्टिकल असतं का, अकरावीचे मार्क पुढे धरतात का, हे विचारणारे फार थोडे. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि दरवर्षी डिसेंबरात, प्रिलिमच्या तोंडावर, पहिल्यांदाच पेपरचा आराखडा बघणारी मुलं मला भेटतात. तेव्हा उशीर झालेला असतो. ही माहिती पहिल्या महिन्यात हवी, म्हणून हा लेख.

इथे मी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेतल्या गणिताबद्दल लिहिते आहे. सीबीएसईची पद्धत वेगळी आहे, ती इथे मिसळू नका.

पहिली पायरी : आपला विषय नेमका कोणता, हे पक्कं करा

राज्य मंडळात 'गणित आणि संख्याशास्त्र' या एकाच नावाचे दोन वेगळे विषय आहेत. एक कला आणि विज्ञान शाखेसाठी, त्याचा विषय क्रमांक ४०. दुसरा वाणिज्य शाखेसाठी, त्याचा क्रमांक ८८. दोघांची पुस्तकं वेगळी आणि पेपरही वेगळे. रविवार कारंजाच्या आसपास पुस्तकं घ्यायला जाल तेव्हा मुखपृष्ठावर शाखा वाचूनच पैसे द्या. गाईड आणि प्रश्नपत्रिकांचे संच घेतानाही तेच. मोठ्या भावाचं किंवा शेजारच्या ताईचं जुनं पुस्तक वापरणार असाल तर ते आत्ताच्या अभ्यासक्रमाचं आहे ना, हे कॉलेजच्या सरांना दाखवून घ्या.

विज्ञान शाखेत गणित सगळ्यांना सक्तीचं नाही. मेडिकलला जायचं नक्की असेल तर काही मुलं गणित सोडून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतात. हा निर्णय अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी घरात शांत बसून घ्या. बारावीला आल्यावर 'आता इंजिनिअरिंगचा विचार आहे' म्हणून गणित परत आणणं फार जड जातं. मन अजून ठरलेलं नसेल तर गणित ठेवावं, असं माझं मत आहे.

दुसरी पायरी : अकरावीचा हिशोब समजून घ्या

अकरावीची परीक्षा बोर्ड घेत नाही, कॉलेज घेतं. पेपर कॉलेजचेच शिक्षक काढतात आणि तेच तपासतात. त्यामुळे केटीएचएमचा अकरावीचा पेपर आणि एचपीटी-आरवायकेचा पेपर सारखा नसतो.

मार्कांची नेहमीची रचना अशी असते : पहिली घटक चाचणी २५, पहिली सत्र परीक्षा ५०, दुसरी घटक चाचणी २५ आणि वार्षिक परीक्षा १००. या शेवटच्या १०० मध्ये लेखी ८० आणि प्रॅक्टिकल २०. एकूण २०० झाले, त्याचे निम्मे करून १०० पैकी मार्क लागतात.

याचा अर्थ नीट बघा. घटक चाचण्या आणि सत्र परीक्षा मिळून निम्मे मार्क वर्षाअखेरच्या आधीच ठरलेले असतात. 'चाचणीला काय एवढं' म्हणून जो सप्टेंबरात गैरहजर राहतो, तो मार्चमध्ये पास होण्यासाठी धापा टाकत असतो. तालुक्यांतून येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. दिंडोरीहून, सिन्नरहून, त्र्यंबकहून एसटीने सीबीएस स्टँडला उतरून कॉलेजला यायचं, पावसाळ्यात गाडी उशिरा, मग पहिला तास जातो, आणि हळूहळू चाचणीचा दिवसही हातून जातो. वेळापत्रक मोबाईलमध्ये टाकून ठेवा, आणि खरंच आजारी असाल तर त्याच आठवड्यात डॉक्टरचा दाखला देऊन वर्गशिक्षकांना भेटा.

अकरावीचे मार्क बारावीच्या बोर्डात धरत नाहीत. बारावीच्या पेपरात अकरावीच्या धड्यांवर थेट प्रश्नही येत नाही. हे ऐकलं की मुलांचे चेहरे खुलतात, पण याचा पुढचा भाग त्यांना कुणी सांगत नाही. बारावीचं 'ट्रिगनॉमेट्रिक फंक्शन्स' अकरावीच्या सूत्रांशिवाय उघडतच नाही. अकरावीत लिमिट आणि डिफरन्सिएशन ज्याने डोळ्याखालून घातलं नाही, त्याला बारावीचा दुसरा भाग पहिल्या पानापासून परका वाटतो. त्यात सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेला, अकरावीच्या निवडक धड्यांवर प्रश्न असतात, ते पुढे सांगते.

तिसरी पायरी : बारावीचे १०० मार्क कसे वाटलेत ते पाठ करा

लेखी ८०, प्रॅक्टिकल २०. पास व्हायला विषयात १०० पैकी ३५. दहावीसारखी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची सोय बारावीला नाही. दहावीला गणितात कमी पडले तरी एकूण टक्केवारीतून तो विषय बाजूला होऊ शकत होता. बारावीला सहाही विषय धरून ६०० पैकी टक्के निघतात आणि गणिताचे मार्क त्यात जसेच्या तसे बसतात.

गुणपत्रिकेवर श्रेणी एकूण टक्केवारीवरून ठरते : ७५ टक्के आणि त्यापुढे विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी, ३५ पासून उत्तीर्ण.

आता लेखी पेपर. तीन तासांचा, चार विभागांचा.

विभाग 'ए' : पहिल्या प्रश्नात ८ एमसीक्यू (दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न), प्रत्येकी २ मार्क, म्हणजे १६. दुसऱ्या प्रश्नात अगदी छोटे ४ प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. हे २० मार्क सगळ्यांना सक्तीचे, यात पर्याय नाही.

विभाग 'बी' : २ मार्कांचे १२ प्रश्न, त्यांतले कुठलेही ८ सोडवायचे. १६ मार्क.

विभाग 'सी' : ३ मार्कांचे १२ प्रश्न, कुठलेही ८. २४ मार्क.

विभाग 'डी' : ४ मार्कांचे ८ प्रश्न, कुठलेही ५. २० मार्क.

म्हणजे हातात येणारा पेपर ११२ मार्कांचा असतो आणि त्यातले ८० तुम्ही निवडता. एखादा धडा जमत नसेल तर आभाळ कोसळत नाही, एवढी मोकळीक बोर्डाने दिलेली आहे. पण ही मोकळीक 'बी', 'सी' आणि 'डी' विभागांत आहे. एमसीक्यू कुठल्याही धड्यावर येऊ शकतो आणि तिथे तो सोडला तर २ मार्क गेले. म्हणून धडा पूर्ण ऑप्शनला टाकताना त्यातल्या व्याख्या, सूत्रं आणि सोपी उदाहरणं तरी करून ठेवा.

चौथी पायरी : प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना घरी वाचा

परीक्षा हॉलमध्ये या सूचना वाचायला कुणाला वेळ नसतो. पण त्यातल्या एका सूचनेवर सरळ १६ मार्क टांगलेले आहेत. एमसीक्यूचं उत्तर लिहिताना पर्यायाचं अक्षर आणि उत्तर, दोन्ही लिहिणं बंधनकारक आहे. नुसतं 'बी' लिहिलं तर मार्क नाही. नुसतं उत्तर लिहिलं आणि अक्षर गाळलं तरी मार्क नाही. आणि एकच प्रश्न दोनदा सोडवला तर पहिलं उत्तरच धरतात. घाईत 'सी' लिहून पुढे गेलात, मग पुरवणीवर परत करून बरोबर उत्तर काढलंत, तरी तपासला जाईल तो आधीचा 'सी'. त्यामुळे एमसीक्यूचं कच्चं काम आधी करा, उत्तर ठरलं की एकदाच उतरवा.

बाकीच्या सूचना थोडक्यात : लॉग टेबल वापरता येतं, कॅल्क्युलेटर नाही. आलेखाचा कागद लागत नाही, कच्ची आकृती चालते. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायचा. कॅल्क्युलेटर नाही हे ऐकून घाबरू नका, पण अकरावीपासून घरचा अभ्यासही मोबाईलचा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून करा. बेरीज-वजाबाकीत, अपूर्णांकांच्या काटाकाटीत जाणारे मार्क मला सूत्र न आल्याने जाणाऱ्या मार्कांपेक्षा जास्त दिसतात.

पाचवी पायरी : मार्क पायरीला असतात, तसं लिहायला शिका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

तपासणाऱ्या शिक्षकाच्या समोर नमुना उत्तर असतं आणि त्यात कुठल्या टप्प्याला किती मार्क हे ठरलेलं असतं. तो तुमची हुशारी ओळखत नाही, तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यापुढे बारकोड लावलेली उत्तरपत्रिका असते आणि त्यावर जे लिहिलंय तेवढंच. तुमच्या डोक्यात झालेल्या पायरीला मार्क देण्याची त्याला सोयच नाही.

एक उदाहरण बघू, बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशनच्या धड्यातलं. 'एक नाणं ५ वेळा उडवलं. किमान ४ वेळा छापा पडण्याची संभाव्यता काढा.' ३ मार्कांचा प्रश्न धरा.

एक मुलगा लिहितो : ६/३२ = ३/१६. उत्तर अगदी बरोबर आहे. पण वर काहीच नाही. त्याला ३ पैकी ३ मिळण्याची आशा धरू नका.

दुसरी मुलगी लिहिते : छाप्यांची संख्या एक्स मानू. एन = ५, पी = १/२, क्यू = १/२. खाली बायनॉमिअलचं सूत्र. मग 'किमान ४ म्हणजे ४ किंवा ५' असं एक वाक्य आणि दोन संभाव्यतांची बेरीज : ५/३२ + १/३२. शेवटी ६/३२ = ३/१६. सगळ्या पायऱ्या आहेत, पैकीच्या पैकी.

तिसऱ्याने पहिल्या ओळी अशाच लिहिल्या, पण ४ छापे पडण्याचे प्रकार ५ ऐवजी ४ धरले आणि उत्तर ५/३२ काढलं. उत्तर चुकलं. तरीही त्याने एक्स मानला आहे, एन-पी-क्यू बरोबर आहेत, सूत्र बरोबर आहे, 'किमान'चा अर्थ बरोबर घेतला आहे. वर्गात मी असा पेपर तपासते तेव्हा तिसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त मार्क पडतात. मुलांना हे अन्यायाचं वाटतं. पण या परीक्षेत विचार मांडण्याला मार्क आहेत, आणि पहिल्याने विचार मांडलाच नाही.

हेच इतर धड्यांत कसं दिसतं?

मॅट्रिक्समध्ये इन्व्हर्स काढताना प्रत्येक टप्प्यावर कुठल्या ओळीवर काय केलं, ते बाजूला लिहायचं. 'दुसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा' असं आपण वर्गात बोलतो, त्याचंच चिन्हांतलं रूप बाणासह दिसलं पाहिजे. ते नसेल तर आकडे कुठून आले हे तपासणाऱ्याने ओळखायचं का? आणि प्रश्नात 'ॲडजॉइंट मेथडने' असं सांगितलं असेल तर त्याच पद्धतीने. दुसऱ्या पद्धतीने उत्तर बरोबर आलं तरी विचारलेली पद्धत तुम्ही दाखवलेली नाही.

इंडेफिनिट इंटिग्रेशनमध्ये शेवटचा 'अधिक सी' विसरू नका. डेफिनिटमध्ये सब्स्टिट्यूशन केलं की खालची-वरची लिमिट बदलायची आणि ती बदलल्याचं वेगळ्या ओळीत दाखवायचं. डेफिनिट इंटिग्रलचा एखादा गुणधर्म वापरलात तर तो गुणधर्म लिहा. पुष्कळ मुलं तो वापरतात पण लिहीत नाहीत.

लॉजिकमध्ये ट्रुथ टेबल पूर्ण भरून शेवटचं वाक्य गाळतात. टेबल भरल्यावर 'शेवटच्या स्तंभात सगळे टी आहेत, म्हणून हे टॉटॉलॉजी आहे' हे लिहिल्याशिवाय प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.

एलपीपीमध्ये, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या धड्यात, आकृती कच्ची चालते, पण रेषांना नावं, अक्षांवरचे छेदबिंदू, छायांकित भाग आणि कोपऱ्याचे बिंदू हे सगळं हवं. मग बिंदू आणि त्या ठिकाणची झेडची किंमत यांचा छोटा तक्ता. आणि शेवटी एका वाक्यात : जास्तीत जास्त किंमत किती आणि कुठल्या बिंदूला.

थिअरम्स. क्लासमध्ये यांना फारसा वेळ मिळत नाही, कारण सीईटीला सिद्धता विचारत नाहीत. पण बोर्डाला विचारतात. साइन रूल, सेक्शन फॉर्म्युला, मूळबिंदूतून जाणाऱ्या रेषांच्या जोडीचं समीकरण, कंपोझिट फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, डेफिनिट इंटिग्रलचे गुणधर्म : या सिद्धता पुस्तकात जशा आहेत तशा येतात. आकडा चुकण्याची भीती नाही, नवीन युक्ती सुचण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत रोज एक लिहून काढली तरी हातात राहते. मध्यम मुलासाठी संपूर्ण पेपरात याइतके खात्रीचे मार्क दुसरे नाहीत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक शब्द. विज्ञान शाखेत शिकवणं इंग्रजीतून असतं आणि पहिले दोन-तीन महिने गणितापेक्षा भाषेचीच भीती असते. गणिताच्या उत्तरात लागणारी इंग्रजी वाक्यं मोजकीच आहेत : 'समजा', 'दिलेलं आहे', 'म्हणून', 'सिद्ध करायचं आहे', 'दोन्ही बाजूंचं डिफरन्सिएशन करून'. अशी वीस-पंचवीस वाक्यं पुस्तकातून वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या आणि तीच वापरा. गणिताच्या पेपरात कुणी तुमच्या इंग्रजीचे मार्क कापायला बसलेलं नाही.

सहावी पायरी : प्रॅक्टिकलचे २० गृहीत धरू नका

गणिताला प्रॅक्टिकल असतं, हे ऐकून पालकांना नवल वाटतं. प्रयोगशाळा नसते. ठरलेल्या विषयांवरची उदाहरणं आणि कृती जर्नलमध्ये करायच्या, शिक्षकांची सही घ्यायची आणि लेखी परीक्षेच्या आधी कॉलेजातच त्याची परीक्षा द्यायची.

'सगळ्यांना मिळतात' असं सीनिअर सांगतात. जर्नल वेळेवर पूर्ण असेल, प्रॅक्टिकलच्या तासांना हजेरी असेल, तर मिळतातही. पण जानेवारीत दुसऱ्याचं जर्नल रात्रभर बसून उतरवणारी मुलं तीच असतात ज्यांना लेखीत एकेक मार्क हवा असतो. दर महिन्याचं त्या महिन्यात पूर्ण करा. सहीसाठी रांग फेब्रुवारीत लागते, ऑगस्टमध्ये शिक्षक मोकळे असतात.

काही कारणाने प्रॅक्टिकलचा दिवस चुकलाच तर बोर्डाची 'आउट ऑफ टर्न' प्रॅक्टिकलची सोय आहे. त्यासाठी लगेच कॉलेजमध्ये अर्ज करा. ७५ टक्के हजेरीचा नियमही लक्षात असू द्या. क्लासच्या नादात कॉलेजला न जाणाऱ्यांना तो फॉर्म भरताना आठवतो.

सातवी पायरी : तीन तासांचं गणित मांडा

१८० मिनिटं आणि ८० मार्क, म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं. मी मुलांना अशी वाटणी देते : विभाग 'ए' ३५ मिनिटं, 'बी' ३५, 'सी' ५५, 'डी' ४०. उरली १५ मिनिटं तपासायला. अलीकडे बोर्ड शेवटी १० मिनिटं वाढवून देतं, ती हिशोबात धरू नका, हाती आली तर वापरा.

कुठल्या विभागापासून सुरुवात करायची? माझा सल्ला 'डी'पासून. डोकं ताजं असताना ४ मार्कांचे लांब प्रश्न होतात. पण ज्याला सुरुवातीलाच एखादं गणित अडलं की हात कापतात, त्याने 'बी'पासून सुरू करावं. स्वतःचा स्वभाव प्रिलिमच्या आधी दोन-तीन पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवल्याशिवाय कळत नाही. आणि ते पेपर सलग तीन तासांत सोडवा, सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा असे नकोत.

निवड करताना प्रश्नाचं अक्षर बघून नव्हे, पूर्ण वाचून निवडा. 'सी' विभागातल्या १२ प्रश्नांपुढे पेन्सिलीने बारीक खूण करायची सवय असते मुलांना, पण प्रश्नपत्रिकेवर काही लिहू नका, मनात ठरवा.

केंद्र आपल्याच कॉलेजात येईल असं समजू नका. हॉलतिकीट हातात आलं की एकदा जाऊन केंद्र बघून या. पेपर ११ वाजता असतो आणि अर्धा तास आधी पोहोचायचं असतं. नाशिकरोडहून किंवा सिडकोतून येणाऱ्यांनी द्वारका चौकातली गर्दी धरूनच निघावं.

आठवी पायरी : सीईटी वेगळी परीक्षा आहे, तिचा हिशोब वेगळा ठेवा

इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांच्या डोक्यात बोर्ड आणि सीईटी यांची सरमिसळ झालेली असते. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, एकूण १००, वेळ ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक धड्यांवर आणि ८० टक्के बारावीवर. इथे पायरीला मार्क नाहीत. बोर्डात ज्या सावकाश, नीट मांडणीने मार्क मिळतात, तिला इथे वेळच नाही. एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि इथे घरोघरी गैरसमज आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या १०० मुलांपैकी साधारण ९० मुलं तुमच्या बरोबरीची किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, एखादं सत्र अवघड जातं, म्हणून हा मार्ग. बोर्डाच्या गुणपत्रिकेत पर्सेंटाइलचा संबंध नाही.

मग बोर्डाचे मार्क इंजिनिअरिंगला लागतात कुठे? पात्रतेला. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४०. आयआयटी-एनआयटीचं स्वप्न असेल तर बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट आहे. त्यासाठीच्या जेईई मेन परीक्षेत चुकीच्या एमसीक्यूला १ मार्क कापतात. त्यामुळे सीईटीसारखं अंदाजे पर्याय निवडणं तिथे अंगाशी येतं.

जून ते डिसेंबर बोर्डाच्या पद्धतीने पायऱ्या लिहून अभ्यास, सोबत रोज थोडे एमसीक्यू. बोर्डाचा पेपर संपला की पूर्ण वेळ सीईटी. सुरुवातीपासून फक्त एमसीक्यू करणाऱ्या मुलांचा हात लिहिण्याला बसत नाही आणि फेब्रुवारीत त्यांचे पेपर अर्धे कोरे राहतात. क्लास कितीही मोठा असला तरी तुमच्या बोर्डाच्या लिखाणाकडे बघणारं कुणीतरी आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारा.

नववी पायरी : निकाल मनासारखा नसेल तर काय करायचं

निकाल ऑनलाइन लागतो, मूळ गुणपत्रिका नंतर कॉलेजमधून मिळते. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली येतात. पण पुढचे अर्ज ऑनलाइन करायचे असतात, त्यामुळे सुरगाण्याच्या मुलाला फक्त अर्जासाठी नाशिक गाठायची गरज नाही.

तीन गोष्टी मागता येतात आणि त्या वेगळ्या आहेत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. छायाप्रत म्हणजे तुमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकनात पेपर नव्याने तपासला जातो, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेणं बंधनकारक आहे. छायाप्रत मिळाल्यापासून पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला कामकाजाचे पाच दिवस मिळतात. म्हणून छायाप्रत हातात आली त्याच दिवशी ती घेऊन कॉलेजच्या गणिताच्या शिक्षकांकडे जा. वर सांगितलेल्या पायऱ्या धरून प्रत्येक प्रश्न त्यांच्यासमोर तपासा. खरंच मार्क सुटले असतील तर अर्ज करा. नुसतं 'मला जास्त वाटत होते' म्हणून करू नका, मार्क कमीही होऊ शकतात.

नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते आणि ती पास झाली की वर्ष वाचू शकतं. निकालानंतरचे पहिले आठ दिवस रडण्यात गेले तर समजू शकते, पण फॉर्मची तारीख तेवढ्यात निघून जाऊ देऊ नका. पालकांनी त्या आठवड्यात मुलाला नातेवाइकांपुढे उभं करू नये. फॉर्म भरावा, छायाप्रत मागवावी आणि कुठल्या विभागात मार्क गेले ते शिक्षकांसोबत बसून बघावं. पुष्कळदा असं दिसतं की 'ए' विभागात अक्षर किंवा उत्तर गाळलेलं आहे आणि थिअरम्स पूर्ण सोडलेल्या आहेत. हे दोन्ही एका महिन्यात दुरुस्त होतं.

पास झालेल्यांनाही मार्क वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजना आहे. पास झाल्यानंतरच्या लगतच्या तीन परीक्षांपर्यंत ती संधी घेता येते. पात्रतेचे ४५ किंवा ७५ टक्के थोडक्यात हुकलेल्यांनी हिचा जरूर विचार करावा. अर्ज ज्या कॉलेजमधून बारावी दिली तिथूनच भरायचा असतो, त्यामुळे तिथल्या कार्यालयात पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची तारीख लागली की लगेच चौकशी करा.